फोनमधला रिमोट दर चार दिवसांनी टीव्ही का विसरतो?

अ‍ॅप उघडावं, तर चक्र फिरत राहतं आणि शेवटी पाटी येते, 'कोणतंही डिव्हाइस सापडलं नाही'. आदल्या रात्री याच फोनवरून याच टीव्हीचा आवाज कमी केलेला असतो. मग ठरलेला विधी सुरू होतो. अ‍ॅप काढा, पुन्हा टाका, टीव्ही बंद-चालू करा, राउटर बंद-चालू करा. त्यातल्या कशाने तरी गाडी सुरू होते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

या विधीने काम होतं, हीच मोठी खूण आहे. अ‍ॅप पुन्हा टाकल्यावर टीव्ही सापडत असेल, तर अ‍ॅप बिघडलेलं नव्हतं आणि टीव्हीही नव्हता. नव्याने टाकलेलं अ‍ॅप टीव्हीला नव्याने शोधतं, एवढंच त्यात घडतं. म्हणजे आधीची ओळख मधल्या काळात शिळी झाली होती, किंवा दोघं एकमेकांना दिसेनासे झाले होते. दोष दोघांच्या मधल्या वाटेत आहे, आणि तो तिथून काढला नाही तर अ‍ॅप कितीही वेळा टाका, दुखणं परत येणारच.

आधी वाट कोणती ते बघा

फोनवरून टीव्हीपर्यंत हुकूम तीन वाटांनी जाऊ शकतो. आपला फोन कोणत्या वाटेने बोलतोय हे माहीत नसेल, तर इलाज भलत्याच जागी होतो.

पहिली वाट इन्फ्रारेडची, म्हणजे साध्या रिमोटचीच. शाओमी, रेडमी, पोको यांच्या बऱ्याच फोनांच्या वरच्या कडेला एक छोटा काळा ठिपका असतो, तो हाच. याला वाय-फाय लागत नाही, जोडणी लागत नाही; नेम मात्र धरावा लागतो आणि मध्ये काही आडवं येऊन चालत नाही. फोनच्या जाड कव्हरने तो ठिपका अर्धा झाकलेला असतो, हे तर फार वेळा दिसतं. शंका असेल तर अ‍ॅपमधलं बटण दाबून धरा आणि तो ठिपका दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर फोन बोलतोय. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून सेल्फी कॅमेरा म्हटलं. लुकलुक दिसते पण टीव्ही ढिम्म, असं असेल तर कोड चुकीचा निवडलाय. एकाच कंपनीचे वेगवेगळ्या वर्षांचे टीव्ही वेगळे कोड समजतात, आणि स्वस्तातल्या टीव्हीवर नाव एकाचं, आतला बोर्ड दुसऱ्याचा असतो. त्यामुळे अ‍ॅपने दाखवलेला पहिला कोड लागला नाही तर पुढचे लावून बघायचे. 'पॉवर' लागलं म्हणून थांबू नका. आवाज, मेनू आणि 'बॅक' तिन्ही लागले तरच कोड बरोबर.

घरातला साधा डीटीएच सेट-टॉप बॉक्स बहुतेक याच वाटेने ऐकतो. त्याला वाय-फायवरून हुकूम देणारं अ‍ॅप शोधण्यात वेळ घालवू नका. फोनला तो ठिपका नसेल, तर वाय-फायवरून हुकूम घेऊन इन्फ्रारेड फेकणारी एक छोटी डबी बाजारात मिळते. ती टीव्हीसमोर ठेवावी लागते, कपाटात नाही.

दुसरी वाट ब्लूटूथची. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ नंतरच्या फोनांत, फोनला ब्लूटूथ कीबोर्ड किंवा माउस बनण्याची सोय आहे. त्यावर चालणारी अ‍ॅप्स राउटर मेलेला असतानाही चालतात, म्हणून असं एखादं फोनमध्ये असू द्या.

तिसरी वाट वाय-फाय. गूगल टीव्हीचं अ‍ॅप, फायर टीव्हीचं, सॅमसंगचं स्मार्टथिंग्ज, एलजीचं थिनक्यू, कोडी या व्हिडिओ प्लेयरचं कोरे ही सगळी याच वाटेवरची. आणि 'विसरण्याचा' सगळा घोळ इथेच आहे.

घरात एक कनेक्शन, नेटवर्क दोन

फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत, असं प्रत्येक अ‍ॅप बजावतं. लोक म्हणतात, आहेतच की, घरात दुसरं कनेक्शन कुठाय? कनेक्शन एकच असतं, पण त्याच्यावर नेटवर्क दोन बसलेले असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

अ‍ॅप उघडलं की फोन नेटवर्कवर एक हाक टाकतो. चाळीच्या चौकात उभं राहून 'टीव्ही कोण आहे रे इथे?' असं ओरडावं तसं. ज्यांची दारं त्या चौकात उघडतात त्यांनाच ती ऐकू जाते आणि त्यांच्यातला टीव्ही 'मी इथे' म्हणतो. या हाकेचे दोन प्रकार सर्रास वापरात आहेत. एक एमडीएनएस, जी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. दुसरी एसएसडीपी, २३९.२५५.२५५.२५० वर, पोर्ट १९००. आकडे पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की राउटर ही हाक आपल्या नेटवर्कच्या बाहेर जाऊ देत नाही. तो त्याचा बिघाड नाही, तशीच रचना आहे.

आता घरोघरी काय झालंय बघा. फायबरवाल्याने एक राउटर बसवला. त्याचं वाय-फाय बेडरूमपर्यंत पोचेना, म्हणून आपण दुसरा विकत आणला आणि पहिल्याला केबलने जोडला. तो दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसतो. टीव्ही हॉलमधल्या पहिल्यावर, फोन बेडरूममधल्या दुसऱ्यावर. दोन्हीकडे यूट्यूब चालतं, नेटफ्लिक्स चालतं, कारण ते दोघं सरळ बाहेर इंटरनेटवर जातात. रिमोटचा हुकूम मात्र घरातल्या घरात जायचा असतो, तो अडतो. फोन घेऊन हॉलमध्ये आलात आणि त्याने पहिला राउटर पकडला, की रिमोट चालू. पुन्हा आत गेलात की बंद. 'कधी चालतो, कधी नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

तपासणं सोपं आहे. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली की आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घरक्रमांक, दिसतो. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्येही दिसतो. घरगुती राउटरांत दोघांचे पहिले तीन आकडे जुळायला हवेत. फोन १९२.१६८.१.७ आणि टीव्ही १९२.१६८.१.२३ असेल तर ठीक. फोन १९२.१६८.१.७ आणि टीव्ही १९२.१६८.०.१०४ असेल तर नावं काहीही दिसोत, दोघं वेगळ्या नेटवर्कवर आहेत.

यावर कायमचा इलाज म्हणजे दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाकणं. मग तो पत्ते वाटायचं सोडतो आणि नुसतं वाय-फाय पसरवतो. हल्लीच्या बहुतेक राउटरांत हा पर्याय असतो. जुन्यात नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी भिडणार नाही असा बदलायचा, आणि पहिल्याकडून येणारी केबल त्याच्या 'वॅन' खाचेतून काढून 'लॅन' खाचेत घालायची. शेवटचं पाऊल लोक विसरतात आणि मग म्हणतात, सगळं केलं तरी होत नाही.

गेस्ट नेटवर्क हाही तसाच सापळा. पाहुण्यांचे फोन घरातल्या उपकरणांपर्यंत पोचू नयेत म्हणूनच ते असतं. पोरांनी पासवर्ड सोपा म्हणून टीव्ही त्यावर टाकलेला असतो.

पहिले तीन आकडे जुळतात, तरीही टीव्ही दिसत नाही, अशी केस उरते. अशा वेळी फोनमध्ये फिंगसारखं नेटवर्क तपासणारं अ‍ॅप टाका आणि स्कॅन करा. यादीत फक्त तुमचा फोन आणि राउटर आला, बाकी घरातलं काहीच नाही, तर राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू आहे. कुठे त्याला 'क्लायंट आयसोलेशन' म्हणतात, कुठे 'वायरलेस आयसोलेशन'. ते चालू असलं की एका वाय-फायवरची दोन उपकरणं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. राउटरच्या वायरलेसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर ही खूण असते, ती काढा. माझ्याकडच्या राउटरवर कंपनीने रात्रीतून अपडेट ढकललं आणि काढलेली खूण परत येऊन बसली, तेव्हा एकदा काढली म्हणून निश्चिंत राहू नका. स्कॅनमध्ये टीव्ही दिसतो पण रिमोटच्या अ‍ॅपला सापडत नाही, असं असेल तर नेटवर्क बरोबर आहे. सरळ फोनच्या परवानग्यांकडे वळा.

राउटरने २.४ आणि ५ गीगाहर्ट्झची दोन वेगळी नावं दिली असतील, तर ती सहसा एकाच नेटवर्कची दोन दारं असतात आणि अडचण येऊ नये. पण काही राउटर वरची ती हाक एका दारातून दुसऱ्यात नीट नेत नाहीत. खात्री करायची तर फोन आणि टीव्ही दोन्ही एकाच नावावर टाकून बघा. तेवढ्याने सुटलं तर प्रश्न राउटरच्या सॉफ्टवेअरचा आहे. दोघांना कायम एकाच नावावर ठेवणं हाच व्यवहारी मार्ग.

आणि एक चकवा. यूट्यूबमध्ये टीव्हीवरचा कोड टाकून फोन जोडला असेल तर तो इंटरनेटवरून बोलतो. दोघं वेगळ्या वाय-फायवर असले तरी चालतो. त्यामुळे 'यूट्यूब तर फोनवरून लागतंय' हा एकच नेटवर्क असल्याचा पुरावा नाही.

लाइट गेली, लाइट आली

'परवापर्यंत ठीक होतं' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, मध्ये लाइट गेली होती का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं.

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. मुदत संपायच्या आत उपकरण तोच पत्ता पुढे मागतं आणि सहसा तोच मिळतो. म्हणून आठवडेच्या आठवडे काही बदलत नाही. पण लाइट गेली आणि राउटर बंद पडला, की बऱ्याच स्वस्त राउटरांच्या मेमरीतून कुणाला कोणता पत्ता दिला ही यादीच पुसली जाते. लाइट आल्यावर जो आधी उठेल त्याला पहिला क्रमांक. काल टीव्ही २३ वर होता, आज तिथे कुणाचा तरी फोन येऊन बसलाय आणि टीव्ही ५ वर. जी अ‍ॅप्स दर वेळी नव्याने हाक मारतात ती यातून तरून जातात. जी पत्ता लिहून ठेवतात ती २३ च्या दारावर थापा मारत बसतात. कोडीसाठीच्या रिमोट अ‍ॅप्सना हे हमखास होतं, कारण तिथे पत्ता आणि पोर्ट, बहुधा ८०८०, आपणच भरून ठेवलेला असतो. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायर आणि साउंडबारच्या अ‍ॅप्सचंही तेच.

इलाज एकदाच करायचा आणि तो राउटरमध्ये करायचा. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याच्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथे शिरल्यावर डीएचसीपीच्या पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'बाइंडिंग' अशा नावाने एक तक्ता असतो. त्यात टीव्हीचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेला त्याचा कायमचा क्रमांक, आणि त्याला द्यायचा आयपी लिहून जतन केलं, की कितीही वेळा लाइट जाऊ दे, टीव्हीला तोच पत्ता मिळतो. टीव्हीला दोन मॅक असतात, एक वाय-फायचा आणि एक केबलचा. जो वापरात आहे तोच टाकायचा. अ‍ॅम्प्लिफायर आणि साउंडबारही त्याच तक्त्यात घालून टाका, पुन्हा जायला नको.

काहीजण टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी हाताने पक्का करतात. मी तो सल्ला देत नाही. राउटरला त्याची खबर नसते, तो तोच पत्ता उद्या वॉशिंग मशीनला देऊन मोकळा होतो आणि मग दोघंही नेटवर्कवरून पडतात.

इन्व्हर्टरचा वेगळाच गुंता. कित्येक घरांत टीव्ही इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगवर असतो. लाइट जाते, टीव्ही चालू राहतो, राउटर मरतो. लाइट आल्यावर राउटरला पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात टीव्हीने शेजारच्या खोलीतल्या, वाय-फाय लांबवणाऱ्या एक्स्टेंडरचं किंवा कधीतरी जोडून दिलेल्या मोबाइल हॉटस्पॉटचं नाव पकडलेलं असतं. टीव्हीत जतन केलेली जुनी नेटवर्कं 'फर्गेट' करून टाका, एकच ठेवा. राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर घेतली तर उत्तमच. त्यांना वीज फारशी लागत नाही.

फोनच आडवा येतो तेव्हा

सगळं जुळतंय, घरातल्या दुसऱ्या फोनवरून रिमोट चालतोय, आणि फक्त तुमच्याच फोनवर नाही. मग राउटरला हात लावू नका.

आयफोनवर आयओएस १४ पासून, २०२० पासून, घरातल्या उपकरणांशी बोलायला प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना ती विचारली जाते आणि माणूस घाईत 'नको' दाबतो. ते अ‍ॅप पुन्हा विचारत बसत नाही. नुसतं 'सापडलं नाही' म्हणत राहतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'लोकल नेटवर्क', तिथे अ‍ॅपसमोरचं बटण चालू करा. अँड्रॉइडवर 'निअरबाय डिव्हायसेस' नावाची परवानगी असते. अ‍ॅपच्या परवानग्यांत ते बघा.

व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारा बोगदा, चालू असेल तर बंद करून बघा. ऑफिसच्या फोनवर ते कायम चालू असतं आणि घरातल्या घरात जायचा हुकूमही बोगद्यात शिरून ऑफिसच्या सर्व्हरकडे निघतो. जाहिराती अडवणारी काही अ‍ॅप्सही आतून व्हीपीएनच वापरतात, तेही लक्षात असू द्या.

आणखी एक, ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. घरचं इंटरनेट तुटलं, राउटर मात्र चालू आहे. अशा वेळी रिमोट चालायला हवा, कारण त्याला इंटरनेट लागतच नाही. पण फोन हुशारी करतो: 'या वाय-फायला इंटरनेट नाही' म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि टीव्हीशी नातं तुटतं. मोबाइल डेटा बंद करा, रिमोट परत येतो.

जोडणीचा कोड घेत नाही, किंवा कोड दिल्यावर लगेच तुटतं, ही तक्रार गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीवाल्यांची. टीव्हीवर येणारा सहा खुणांचा कोड शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ एवढ्यांतूनच बनतो, त्यामुळे त्यात गोल दिसणारं जे काही आहे ते शून्यच आहे, 'ओ' नाही. तरीही घेत नसेल तर टीव्हीच्या अ‍ॅप्सच्या यादीत सिस्टिम अ‍ॅप्स उघडा, 'अँड्रॉइड टीव्ही रिमोट सर्व्हिस' शोधा आणि त्याचा डेटा पुसा. टीव्ही पूर्ण बंद करून चालू करा आणि नव्याने जोडा. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यापेक्षा हे गुणकारी, कारण शिळी ओळख टीव्हीच्या बाजूलाही साठलेली असते.

बंद होतो, चालू होत नाही

फोनवरून टीव्ही बंद होतो, पण चालू करायला गेलं तर अ‍ॅपला तो दिसत नाही. झोपलेल्या टीव्हीने वाय-फायही बंद केलेलं असतं, मग त्याला हाक ऐकू यायची कशी? सॅमसंगमध्ये नेटवर्कच्या 'एक्स्पर्ट सेटिंग्ज'मध्ये 'पॉवर ऑन विथ मोबाइल', एलजीमध्ये 'टर्न ऑन व्हाया वाय-फाय', सोनीमध्ये 'रिमोट स्टार्ट' असा पर्याय असतो. तो चालू केला की टीव्ही झोपेत एक कान उघडा ठेवतो. थोडी वीज जास्त जाते, हे खरं.  यासाठी केबलची जोडणी वाय-फायपेक्षा भरवशाची.

पण आपल्याकडे खरं कारण याहून साधं असतं. रात्री झोपताना कुणीतरी बोर्डावरचं बटण बंद करतं. वीजच नाही म्हटल्यावर कोणतंही अ‍ॅप टीव्हीला उठवू शकणार नाही. सकाळी बटण लावल्यावर टीव्ही पहिल्यापासून सुरू होतो आणि नेटवर्कवर यायला वेळ घेतो. त्या मिनिटभरात अ‍ॅप उघडलं की 'सापडलं नाही'. बोर्डाचं बटण बंद करायची सवय मोडा असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात विजा कडाडत असताना तर मुळीच नाही. पण मग फोनवरून टीव्ही चालू व्हावा हा हट्ट सोडावा लागतो.

आवाज भलत्याचाच वाढतो

अ‍ॅपवर आवाज वाढवला, पडद्यावरचा आकडा वाढला, पण साउंडबार तेवढाच. टीव्हीने तो हुकूम पुढे द्यायला हवा, आणि ते काम एचडीएमआय केबलमधूनच हुकूम नेणारं एचडीएमआय-सीईसी करतं. प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. मेनूत 'सीईसी' शोधून ते सापडत नाही, ही नावं शोधा. केबल टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्याच खाचेत हवी आणि साउंडबारच्याही तशाच. ऑप्टिकल केबलने जोडलं असेल तर आवाज येईल, पण सीईसीचा हुकूम त्यातून जात नाही.

सीईसी मधूनच झोपतं. तेव्हा टीव्ही, साउंडबार, स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावायची फायर टीव्हीसारखी कांडी), सेट-टॉप बॉक्स सगळ्यांचे प्लग काढा, मिनिटभर थांबा, आणि टीव्ही आधी, बाकीचे मग, अशा क्रमाने लावा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

राउटर नवा, रिमोट हरवलेला

सगळ्यांत वैतागवाणी अडचण ही. टीव्हीतल्या स्टिकचा खरा रिमोट केव्हाच हरवलाय, सगळं फोनवर चाललंय. मग राउटर बदलला जातो. स्टिकला नवं वाय-फाय सांगायचं तर रिमोट हवा, आणि रिमोट म्हणजे फोन चालायचा तर स्टिक वाय-फायवर हवी.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा हाक मारली. "अरे, ते नवीन डबा बसवून गेले आणि तेव्हापासून मालिका लागत नाही बघ. मोबाइलवरचा रिमोटपण मेलाय."

"काकू, जुन्या वाय-फायचा पासवर्ड आहे का कुठे?"

"आहे तर! थांब." त्यांनी दुधाच्या हिशोबाची वही आणली. शेवटच्या पानावर व्यवस्थित देवनागरीत लिहिलं होतं: गणपती, मग ॲट, मग १२३४. आता इंग्रजीत त्यात 'पी'च्या आधी 'ए' आहे की नाही, पहिलं अक्षर मोठं की लहान, हे वहीला माहीत नव्हतं.

उत्तर त्यांच्याच फोनमध्ये होतं. अँड्रॉइड १० नंतरच्या बहुतेक फोनांत जतन केलेल्या वाय-फायवर 'शेअर' दाबलं, बोटाचा ठसा दिला, की क्यूआर कोडच्या खाली पासवर्ड अक्षरांत दिसतो. तोच पासवर्ड आणि तेच जुनं नाव, अक्षर न अक्षर, नव्या राउटरला दिलं. स्टिक बंद करून चालू केली. तिच्या दृष्टीने काहीच बदललेलं नव्हतं. ती गपचूप जोडली गेली आणि काकूंच्या मोबाइलवर रिमोट आला. घरातले बाकीचे फोनही आपोआप जोडले गेले, म्हणून राउटर बदलताना नाव-पासवर्ड जुनेच ठेवणं केव्हाही शहाणपणाचं.

राउटरला हात लावता येत नसेल, तर दोन फोनांनी भागतं. एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि त्याला जुन्या वाय-फायचंच नाव-पासवर्ड द्या. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा आणि बँड २.४ गीगाहर्ट्झ. आयफोनचा हॉटस्पॉट असेल तर त्याचं नाव म्हणजे फोनचंच नाव, ते 'जनरल', 'अबाउट'मध्ये बदलतं. नव्या आयफोनांवर 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करा. स्टिक या हॉटस्पॉटला जोडली जाते. दुसरा फोनही याच हॉटस्पॉटवर घ्या, त्यातलं रिमोट अ‍ॅप स्टिकला शोधेल, आणि मग त्यावरून स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन नवं वाय-फाय निवडायचं. निवडल्याक्षणी संपर्क तुटेल, घाबरू नका. दुसरा फोन नव्या वाय-फायवर न्या.

त्याआधी एक सोपी गोष्ट करून बघा. टीव्हीचा स्वतःचा रिमोट शाबूत असेल आणि सीईसी चालू असेल, तर त्याच्या बाणांनी आणि 'ओके'ने स्टिक चालते. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. अँड्रॉइड टीव्ही असेल तर त्याच्या यूएसबी खाचेत संगणकाचा साधा माउस लावा, पडद्यावर बाण येतो.

फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. त्याने स्टिक जुनं वाय-फायही विसरते आणि वरचा रस्ता बंद होतो. कधी दोष घरात नसतोच. मार्च २०२५ मध्ये गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला लावायच्या तशाच डब्या, जगभर एकदम हटून बसले. उपकरण खरं असल्याची ग्वाही देणाऱ्या आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने रीसेट करू नका असं सांगितलं आणि मग अपडेट पाठवलं. ज्यांनी घाईने रीसेट केलं होतं त्यांना पुन्हा मांडणी करताना जास्त त्रास झाला. टीव्हीचं घड्याळ चुकलं तरी प्रमाणपत्रांचा असाच घोळ होतो, तेव्हा लाइट जाऊन आल्यावर सेटिंगमध्ये तारीख एकदा बघून घ्या.

अ‍ॅप कोणतं

टीव्हीच्या किंवा स्टिकच्या कंपनीचं स्वतःचं, आणि तेही तिच्या संकेतस्थळावरून किंवा टीव्हीवर दिसणाऱ्या क्यूआर कोडवरून शोधलेलं. स्टोअरमध्ये 'टीव्ही रिमोट' एवढंच टाकलं की सारखी दिसणारी ढिगाने अ‍ॅप्स येतात. त्यांतली बरीच प्रत्येक दोन बटणांमागे एक जाहिरात दाखवतात, काही तीन दिवस फुकट म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडायला लावतात. रिमोटला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत, हा प्रश्न विचारून परवानगी नाकारा. आणि असं एखादं आधीच टाकलं असेल, तर अ‍ॅप काढल्याने त्याची वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये ती वेगळी रद्द करावी लागते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये वर आपल्या नावावर टिचकी मारली की 'सबस्क्रिप्शन्स' सापडतं.